नावाचे माप आणि अंगाचे माप

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यात बेला हे गाव आहे. हा जिल्हा सागवानासाठी पूर्वापार प्रसिद्ध. अशा मुलखात घराचा आराखडा आज संगणकावर काढला गेला, तरी तुळया आणि वासे बसतात ते सुताराच्याच हातांनी. आराखड्याचे व लाकडाचे माप जुळले नाही, तर भुर्दंड पडतो तो घर बांधणाऱ्यास.

या घोटाळ्याचे मूळ नावाच्या मापात असते. अमेरिकेत ज्या लाकडास 'दोन बाय चार' म्हणतात, ते वाळवून व रंधा मारून प्रत्यक्षात १.५ इंच जाड आणि ३.५ इंच रुंद भरते. नावाप्रमाणे छेद ८ चौरस इंचांचा, प्रत्यक्षात ५.२५ चौरस इंचांचा. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लाकूड केवळ नावातच राहिले! परदेशी आज्ञावलीतील तयार मापे पुष्कळदा याच पद्धतीची असतात. आपल्या वखारीतले लाकूड मात्र मागणीप्रमाणे चिरून मिळते व घनफुटावर विकले जाते. तेव्हा ती तयार मापे तशीच ठेवली, तर लाकडाची यादी चुकलीच म्हणून समजावे.

शिवाय करवत दर चिरणीस थोडे लाकूड खाते, रंधा आणखी काही घेतो, आणि ओले लाकूड वाळताना रुंदीत व जाडीत आक्रसते. लांबीत फारसे नाही. म्हणून जाणता आराखडाकार वाळलेला, रंधलेला नग आधी मोजतो, तेच माप संगणकात घालतो आणि वखारीच्या यादीत चिरणीची व रंध्याची वाढ निराळी धरतो. एवढे केले म्हणजे वासा खाचेत नेमका बसतो आणि सागवानासारखे मोलाचे लाकूड वाया जात नाही.