शिंप्याला कळणारी रेघ

आमच्या घरी ईद जवळ आली की खालाच्या हातात कुठल्याशा मासिकाचं फाडलेलं पान दिसायचं. त्यावर फोटो नसे, चित्र असे. लांब मानेची, बारीक कमरेची एक बाई आणि तिच्या अंगावर नव्या तऱ्हेच्या गळ्याचा कुर्ता. बाजारातले आमचे शिंपी ते पान उजेडात धरत आणि म्हणत, "आपा, कुर्ता होईल. पण एवढी उंच बाई रत्नागिरीत कुठून आणायची?"

शिंप्याची शंका रास्त होती. माणसाची उंची साधारण त्याच्या साडेसात डोक्यांएवढी भरते. फॅशनचं चित्र काढणारा ती नऊ डोक्यांपर्यंत नेतो आणि वाढीव लांबी बहुतेक पायांत घालतो. कापडाला पडायला जागा मिळते. शरीराचा भार एका पायावर टाकतो, म्हणजे त्या बाजूची कंबर वर जाते आणि चुण्या कुठून सुटतात ते दिसतं. शिफॉन असेल तर रेघ बारीक, मध्येच तुटणारी. खादी असेल तर जाड, कोपराशी कोन करणारी. बाईची उंची खोटी, पण कापडाचं वजन खरं. आम्हा कवींना हा व्यवहार नवा नाही.

अशी चित्रं काढून पोट भरणाऱ्यांत एक मोठं नाव आपल्या कोल्हापूरचं आहे. भानू अथय्या, माहेरच्या राजोपाध्ये. जन्म 1929 चा. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठी त्यांनी काम केलं होतं. सात भावंडांत भानू तिसऱ्या, आणि वडील त्यांच्या लहानपणीच गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. 1953 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. त्या मंडळींत त्या एकट्याच बाई. पण त्याच काळात त्या 'फॅशन अँड ब्यूटी' आणि 'ईव्हज वीकली' या नियतकालिकांसाठी कपड्यांची चित्रं काढत होत्या. पुढे 'ईव्हज वीकली'च्या संपादिकेने कपड्यांचं दुकान काढलं आणि भानूबाईंना म्हटलं, आता कागदावरचे कपडे शिवूनही दाखवा. त्या दुकानात सिनेमातल्या नट्या येऊ लागल्या आणि मार्ग बदलला. 1956 चा 'सी.आय.डी.' हा गुरुदत्त यांच्या संस्थेचा चित्रपट त्यांना मिळाला.

एक चांगली चित्रकर्ती आपण गमावली, असं पुष्कळजण हळहळून म्हणतात. मला ही हळहळ फारशी पटत नाही. मोठ्या कुटुंबातल्या मुलीने नियमित पैसे देणारं काम धरलं, यात कलेचा अपमान कुठे होतो? शिवाय डोळा तोच राहिला. 'आम्रपाली' (1966) साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली. तिथे वस्त्र म्हणजे काही पट्टे, काही गाठी, बाकी सगळं अंग. एवढ्यावरून वैजयंतीमालाला नाचता येईल असा पोशाख उभा करायचा, तर चित्रकाराची नजर हवी आणि शिंप्याची अक्कलही. 'ब्रह्मचारी' (1968) मधली मुमताजची ती नारिंगी साडी आठवते? ती नेसलेली नव्हती, शिवलेली होती. तिला चेन लावली होती. नाहीतर असल्या नाचात निऱ्या टिकतात होय?

आणि 'चौदहवीं का चाँद'! लखनौच्या मुसलमान घरांतली कहाणी. आम्हा कोकणी मुसलमानांना तो पेहराव जवळपास परदेशीच. पण पडद्यावर कुठेही सोंग वाटत नाही. पोशाख माणसाच्या घरातून आलेला वाटतो, बाजारातून नाही.

'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना 1983 मध्ये ऑस्कर मिळालं. भारताला मिळालेलं ते पहिलं. सुटाबुटातल्या बॅरिस्टरापासून पंचापर्यंतचा प्रवास त्यात कापडातून सांगायचा होता. मला त्या कामात सर्वांत अवघड वाटतो तो पंचाच. जिथे शिवण नाही, काठ नाही, तिथे चित्रकाराने दाखवायचं काय? 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना मिळाले. 2012 मध्ये त्यांनी ऑस्करची बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीकडे परत सोपवली. 2020 मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी त्यांची जुनी रंगचित्रं आणि रेखाटनं लिलावात आली, तेव्हा अनेकांना प्रथमच कळलं की बाई मुळात कोण होत्या.

हे सगळं आज आठवायचं कारण आमच्या मोहल्ल्यातली बारावीची एक मुलगी. तिला कपड्यांची चित्रं काढायची आहेत. तिच्या अब्बांना वाटतं, शिवण शिकली तर चार पैसे येतील, चित्रांनी काय येणार? मी त्यांना सांगितलं, दोन्ही शिकू द्या. शिवण न येणाऱ्याचं चित्र शिंप्याला फसवतं.

मुलीची वही पाहिली. सगळ्या बाया परदेशी मासिकातल्या, नऊ डोक्यांच्या, कुठेच न निघालेल्या. म्हटलं, बेटी, पहाटे अब्बांबरोबर मिरकरवाड्याच्या बंदरावर जा. मासे विकायला बसलेल्या बाया बघ. लुगडं पोटरीच्या वर का खोचलंय ते बघ. आठवड्याने ती चित्र घेऊन आली. काष्टा बरोबर होता. मी विचारलं, "पण पाटी डोक्यावर चढवताना हिचा पदर कुठे गेला?"

तिने थोडा वेळ चित्राकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदरावर गेली.