वारा, वळीव आणि उभी मोटारसायकल



वाहन चालवावें कसें हें शिकविणारे पुष्कळ भेटतात; तें उभें कसें करावें हें मात्र सहसा कोणी शिकवीत नाहीं. इंजिन थांबलें, किल्ली काढली, पायानें स्टँड खालीं सारला, कीं आपलें काम संपलें असें आपण धरून चालतों. वारा पडलेला असतो तोंवर हा समज खराहि ठरतो. परंतु चैत्र-वैशाखांतील एखाद्या दुपारीं आभाळ काळवंडतें, धुळीचा लोट उठतो, आणि ओळीनें उभ्या असलेल्या गाड्यांपैकीं पहिली कलंडली कीं ती दुसरीला व दुसरी तिसरीला घेऊन जमिनीवर येते. दारांत दुचाकी नाहीं असें घर आज कोल्हापुरांत शोधावेंच लागेल. म्हणून या लहानशा, पण उपेक्षित विषयाचा थोडा विचार करूं.

कोल्हापूरला त्रास देणारे वारे मुख्यतः दोन. पहिला पावसाळी वारा. जूनपासून तो सह्याद्री ओलांडून पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो आणि दिवसचे दिवस वाहत राहतो. पण त्याची दिशा बहुतांशीं ठरलेली असते. दुसरा वळवाचा. हा उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यांत, बहुधा दुपार टळल्यावर येतो. उंच चढलेल्या ढगांतून पाऊस सुटला कीं त्याच्यासंगें थंड झालेली जड हवा वेगानें खालीं उतरते व जमिनीवर आदळून चोहोंकडे पसरते. म्हणून ढग ज्या अंगाला, तिकडून हा वारा. आणि ढग सरकला कीं वाऱ्याची दिशाहि पालटते. पहिल्या वाऱ्याला तोंड कसें द्यावें हें आधीं ठरवितां येतें. दुसरा विचारून येत नाहीं. गाडी उभी करण्याच्या रीतीहि यामुळें दोन होतात.

वाऱ्याचा जोर किती असतो याची कल्पना आपल्याला सहसा नसते. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशीं ३० किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारें ४ किलो वजनाइतका भार टाकतो. तोच ६० किलोमीटरनें वाहूं लागला कीं हा भार १७ किलोंच्या घरांत जातो. उघड्या मोटारसायकलीच्या अंगांतून वाऱ्याला निसटावयास थोडीफार वाट असते. परंतु ऊन-पावसापासून रक्षण व्हावें म्हणून आपण तिच्यावर जें आच्छादन घालतों, तें सैल असेल तर शिडासारखें फुगतें आणि रक्षणाच्या साधनानेंच गाडी आडवी होते. आच्छादन घालावयाचें तर गाडीच्या पोटाखालून आवळून बांधावें. वादळाची चिन्हें दिसतांच तें काढून ठेवावें हें अधिक बरें.

आतां स्टँडचा विचार. आपल्या गाड्यांचा बाजूचा स्टँड डावीकडे असतो आणि गाडी त्याच्यावर डावीकडे किंचित् रेलून उभी राहते. उजवीकडून येणारा वारा तिला स्टँडवर दाबून धरतो. डावीकडून येणारा तिला प्रथम सरळ करतो. आणि एकदां ती सरळ झाली कीं उजव्या अंगावर पडावयास उशीर लागत नाहीं. पाठीमागून येणारा वारा तिला पुढें ढकलतो, आणि गाडी पुढें सरली कीं स्टँड मिटूं पाहतो. समोरचा वारा मात्र सर्वांत सोसवतो. कारण त्याला धडकण्याजोगा गाडीचा भागच थोडा असतो. तेव्हां नियम असा कीं गाडीचें तोंड वाऱ्याकडे करावें. तें न साधल्यास वारा उजव्या अंगावर घ्यावा. डाव्या अंगावर कधींहि घेऊं नये.

रंकाळ्याचें उदाहरण घ्या. शहराच्या अंगाच्या काठावर पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा पाण्यावरून बिनअडथळा येतो. तेथें उत्तरेकडे तोंड करून ठेवलेल्या गाडीचा वारा डावीकडून लागेल. तीच दक्षिणेकडे तोंड करून ठेवली तर उजवीकडून. गाडी तीच, जागा तीच, स्टँडहि तोच. केवळ तोंड फिरविल्यानें एवढा फरक पडतो.

वळवाच्या वाऱ्याला हा नियम पुरत नाहीं. तेथें जमीन सपाट व टणक असल्यास मधल्या, दोन पायांच्या स्टँडवर गाडी उभी करणें चांगलें. तो दोन्ही बाजूंना सारखाच आधार देतो. त्याहूनहि चांगला तो भक्कम भिंतीचा आडोसा. दोन इमारतींमधील बोळाच्या तोंडाशीं मात्र गाडी ठेवूं नये; अशा अरुंद वाटेंत वारा अधिकच वेग घेतो. बाजूच्या स्टँडवर ठेवलेली गाडी पहिल्या गिअरमध्यें असावी आणि हँडल डावीकडे वळवून त्याला कुलूप घालावें. बिनगिअरच्या स्कूटरला ही सोय नसते. तिचा डाव्या हाताचा ब्रेक दाबून रबरी पट्टीनें मुठीशीं आवळून ठेवावा.

पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर येथें आणखी दोन अडचणी येतात : उतार आणि माती. पन्हाळा समुद्रसपाटीपासून ३००० फुटांहून उंच. तेथें वाऱ्याला अडविणारें फारसें कांहीं नाहीं. जोतिबाची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेची, म्हणजे ऐन वळवाच्या दिवसांतली, आणि भाविकांच्या शेंकडों दुचाक्या मोकळ्या जागीं एकमेकींना खेटून उभ्या राहतात. उतारावर गाडीचें तोंड चढाकडे ठेवावें. पाऊस पडून माती मऊ झाली कीं स्टँडचा पाय रुततो. त्याच्याखालीं चपटा दगड वा फळीचा तुकडा द्यावा. शेजारच्या गाडीपासून निदान हातभर अंतर सोडावें.

जमिनीइतकेंच वरहि पाहिलें पाहिजे. ता. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें वादळी वाऱ्यांत एक प्रचंड जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां फलक, सैल पत्रे आणि जुनाट झाडें यांच्याखालीं गाडी लावूं नये, आणि वादळ उठल्यावर गाडी वांचविण्यासाठीं तिकडे धांवतहि जाऊं नये.

साध्या मोटारसायकलीचें वजन शंभर-सव्वाशें किलो. आपल्या गांवची लाडकी बुलेट तर दोनशेंच्या आसपास भरते. पडणारी गाडी हातानें सांवरूं गेल्यास मनगट वा पाय तिच्याखालीं सांपडतो. तिला पडूं द्यावें. नंतर गाडी उचलल्यावर पेट्रोल सांडलें आहे का तें पाहावें, वास पुरता जाईपर्यंत इंजिन सुरू करूं नये, आणि विडी-काडी दूर ठेवावी. आरसा फुटला तर नवा मिळतो. पण उभ्या गाडीवर बसून खोटाखोटा प्रवास करण्याची हौस प्रत्येक मुलाला असते, आणि तिच्या सांवलींत कोणाचें तरी लेंकरूं खेळत असतें. आपण घरांत चहा घेत असतांना बाहेर आपली गाडी कोणाच्या अंगावर पडेल हें आपल्याला ठाऊक नसतें. म्हणूनच ती नीट उभी करणें ही केवळ आपल्या मालमत्तेची काळजी नव्हे, तें शेजाऱ्याविषयींचें कर्तव्य आहे.

यासाठीं लागतो तो सारा मिळून एक मिनिटाचा वेळ. किल्ली खिशांत टाकण्यापूर्वीं वारा कोठून येतो तें पाहावें, पायाखालची जमीन पाहावी, वर नजर टाकावी. आणि मग गाडीला दोन्ही अंगांनीं हातानें हलकासा धक्का द्यावा. आपल्या हाताला जी डगमगते, ती वाऱ्याला दाद देणार नाहीं अशी आशा धरण्यांत अर्थ नाहीं. तिला तेव्हांच दुसरी जागा शोधावी.