माप आपलं, कपडा कुणाचाही

(लातूरमध्ये तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी मूळचा नांदेडचा. इंजिनिअरिंग तिथंच झालं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यामुळे मी करिअर, मुलाखती, पॅकेज यावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. संयोजकांनाही तसंच वाटलं होतं. विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "शिवणकाम?" होय, शिवणकाम. तेही नवे कपडे शिवणं नव्हे. दुसऱ्यानं वापरलेला, आपल्या अंगाला न बसणारा कपडा घरच्या घरी मापात कसा आणायचा आणि त्याचा आपल्या समाजाशी काय संबंध आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

जुने कपडे आपल्याकडे येतात कुठून? मोठ्या भावाचे धाकट्याला, मामाचे भाच्याला, फुफीचे भाचीला. हा घरातला रस्ता. दुसरा रस्ता बाजाराचा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिनं नेलेल्या कपड्यांतले चांगले धुऊन, इस्त्री करून पुन्हा बाजारात ताडपत्रीवर येतात. परदेशातले वापरलेले कपडे गुजरातच्या कांडला इथं उतरतात आणि तिथं त्यांची निवड होते. अगदीच कामातून गेलेलं कापड हरियाणातल्या पानिपतला जातं. तिथं ते फाडून, पिंजून त्याचं सूत काढतात आणि ब्लँकेटं विणतात. तिसरा रस्ता दानाचा. रमजान आला की आपल्या वस्त्यांत पिशव्या भरभरून कपडे वाटले जातात.

या तिसऱ्या रस्त्याबद्दल थोडं बोलतो. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून कपड्यांचे ट्रक गेले. पुष्कळ कपडे तिथल्या लोकांच्या उपयोगाचे नव्हते आणि रस्त्याकडेला त्यांचे ढीग पडले. 'गूंज' या संस्थेनं तशा कपड्यांची निवड करून त्यातून वापरता येतील अशा वस्तू बनवण्याचं काम हाती घेतलं. गूंजचे संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. पण कपडा पोचला म्हणजे काम संपलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. माझं म्हणणं असं आहे की कपडा घेणाऱ्याच्या अंगाला बसेपर्यंत दान पुरं होत नाही. सूरह बकरामध्ये दानाबद्दल जी ताकीद आहे, तिचा आशय तुम्हाला ठाऊक आहे: जी वस्तू आपल्याला कुणी दिली तर आपण डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही, ती दुसऱ्याला देऊ नये. ढगळ, बटण तुटलेला, काखेत उसवलेला शर्ट आपण स्वतः घेऊ का, हा प्रश्न पिशवी भरताना विचारायला हवा.

कपडा बसत नाही, चूक कुणाची?

मुलं-मुली आरशासमोर उभं राहून स्वतःच्या शरीराला दोष देतात. मी जाड, मी काटकुळा, माझे खांदे उतरते. जरा मापांचा इतिहास पाहा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1939-40 मध्ये सुमारे 15 हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची 59. तयार कपड्यांच्या मापांचा तक्ता करायचा म्हणून हे चाललं होतं. त्यातली गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशेबात धरलीच नाहीत. आपल्याकडच्या तयार कपड्यांची मापंही बरीचशी अशा बाहेरच्या तक्त्यांत थोडा फेरफार करून आलेली आहेत. भारतीय शरीरांची मापं घेण्यासाठी निफ्ट या सरकारी संस्थेनं 'इंडिया साइझ' प्रकल्प हाती घेतला, तो अगदी अलीकडे. सहा शहरांत 25 हजार लोकांची मापं घ्यायची, अशी ती योजना.

आम्ही डेटावर काम करणारे लोक एक गोष्ट रोज पाहतो. सरासरी काढली की तिच्यात नेमका बसणारा माणूस सापडत नाही. 'मीडियम' म्हणजे अशी सरासरी आहे. तेव्हा कपडा बसला नाही तर दोष तक्त्याचा. तुम्ही जसे आहात तसेच राहा, कपडा बदला.

आता प्रत्यक्ष काम

सामान थोडं लागतं. टेप, खडू, टाचण्या, धारदार कात्री, टाके उसवायचं छोटं हत्यार किंवा जुनं ब्लेड, सुई-दोरा, इस्त्री. मशीन असेल तर उत्तम, नसेल तर हातानं बखिया घातलेली शिलाईही पक्की टिकते. मशीनवर साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई, जीन्सला 16, तलम कापडाला 11.

ढिगातून कपडा निवडताना आधी खांदा पाहा. खांद्याची शिलाई तुमच्या खांद्याच्या हाडावर येत असेल तर बाकी बहुतेक सगळं दुरुस्त होतं. खांदाच तीन इंच खाली लोंबत असेल तर बाही, मुंढा सगळं उसवावं लागेल. नवशिक्यानं तिथं हात घालू नये. मग कापड उजेडासमोर धरा. काख, कोपर, पँटची बैठक इथं कापड विरलेलं दिसलं तर ठेवून द्या. शेवटी कपडा उलटा करून शिलाईच्या आत किती कापड दुमडलेलं आहे ते बघा. दर्ज्यानं शिवलेल्या कपड्यात बऱ्याचदा इंचभर सापडतं, तयार कपड्यात फार कमी.

घरी आणल्यावर आधी धुवा. सुती कपडा आटायचा असेल तर मापं घेण्याआधीच आटू द्या.

ढगळ शर्ट घ्या. छातीत चार इंच जास्त आहे. बाजूच्या शिलाया दोन. म्हणजे प्रत्येक शिलाईत दोन इंच कमी करायचे, आणि तिथं कापड दुहेरी असल्यामुळे जुन्या टिपेपासून एकच इंच आत खडूनं रेघ मारायची. घाईघाईत लोक दोन इंच आत रेघ मारतात आणि शर्ट आठ इंचांनी तंग होतो. रेघ बाहीच्या टोकापासून काखेतून खालच्या घेरापर्यंत सलग, हलकं वळण देत न्या. काखेत कोपरा ठेवला तर हात वर करताना ओढ बसते. रेघेवर आधी कच्चा दोरा घाला, अंगात घाला, बसून बघा, हात वर करा, नमाजसाठी वाकता तसं वाकून बघा. ठीक वाटलं तर पक्की टीप मारा. कात्री सगळ्यात शेवटी. टीप उसवता येते, कात्री मारलेलं परत येत नाही. आमच्या कामात काहीही बदलण्याआधी बॅकअप घेतात, तीच रीत.

पँटची कंबर सैल असेल तर मागच्या मधल्या शिलाईतून कमी करा. पण साधारण दोन इंचांपर्यंतच. त्यापुढे गेलात तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात. लांबी कमी करताना रोजचे बूट किंवा चपला घालून माप घ्या.

तंग कपडा मोठा करायला मात्र कापड लागतं. ते तीन ठिकाणी मिळतं. एक, आत दुमडलेलं. सोडण्याआधी दोन इंच उसवून पाहा, कारण आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद असतो आणि जुन्या टिपेची भोकं दिसतात. दोन, त्याच कपड्याचा न लागणारा भाग: पूर्ण बाहीची अर्धी केली तर उरलेलं कापड, पदरी जादा खिसा. तीन, दुसरा कपडा. कुर्ता छातीत तीन इंच तंग असेल तर दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाची पट्टी घाला. शिलाईत दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच जातो, म्हणून पट्टी अडीच इंच रुंद कापा आणि ती काखेतून बाहीतही न्या, नाहीतर मुंढा आणि बाही जुळणार नाहीत. पट्टीचा रंग जुळत नसेल तर जुळवायचा आटापिटा करू नका. तोच रंग गळ्याच्या पट्टीला आणि बाहीच्या टोकाला लावा. मग ते ठिगळ वाटत नाही, तशीच शिवण वाटते. ज्या मुलींना कुर्ती लांब हवी, बाही पूर्ण हवी, त्यांनाही हीच युक्ती चालते: जुन्या ओढणीची किंवा साडीच्या काठाची पट्टी खाली आणि बाहीला.

उतरन म्हणजे काय

हे सगळं मी शिकलो ते अम्मीजवळ बसून. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझ्या बॅचचा एक मित्र म्हणाला, "कॅम्पस इंटरव्ह्यूला मी बसणार नाही." त्याची तयारी माझ्यापेक्षा चांगली होती. फॉर्मल कपडे नव्हते. मामाचे होते, पण मामा दोन माणसांएवढा. अम्मी म्हणाली, "घेऊन ये बेटा, बघू." दोन संध्याकाळी तिनं मापं घेतली, मला शेजारी बसवून उसवायला लावलं, मित्राला कच्चा दोरा घालायला लावला. तो इंटरव्ह्यूला बसला. निवड झाली की नाही हे मी मुद्दाम सांगत नाही. कपड्यापायी दारातूनच मागं फिरणं टळलं, माझ्या हिशेबी तेवढं पुरे. आज लातूरला कोचिंगसाठी मराठवाडाभरातून मुलं येतात. त्यांच्यातही असे असतील, जे कपड्यांमुळे मागच्या बाकावर बसतात, ग्रुप फोटोत येत नाहीत. ईदला सगळ्या घराला नवं घ्यायचं म्हणून उधारी करणारे आणि मग कितीतरी महिने हप्ते फेडणारे आईबाप आपण पाहिलेले आहेत.

वाजिदा तबस्सुम, आपल्या अमरावतीत जन्मलेल्या उर्दू लेखिका. त्यांची 'उतरन' ही कथा प्रसिद्ध आहे. नवाबाच्या मुलीचे उतरलेले कपडे घालत मोठी झालेली मोलकरणीची मुलगी आणि तिच्या मनात साचत गेलेला संताप, अशी ती कथा. त्या संतापाचं कारण कापड नव्हतं, देणाऱ्याची नजर होती. आता गंमत बघा. मोठ्या शहरात पैसेवाल्यांनी जुनं जॅकेट घेतलं की ते 'थ्रिफ्ट', 'व्हिंटेज'. आपल्या मुलानं घेतलं की उतरन. मला गरिबीचं कौतुक करायचं नाही. नवं घेता येत असेल तर खुशाल घ्या. पण आपल्या हातानं उसवून, आपल्या मापानं पुन्हा शिवलेला कपडा कुणाची उतरन राहत नाही. त्यात आपलं काम पडलेलं असतं.

सुई कुणाच्या हातात?

समोर बसलेल्या मुलांपैकी काहीजण हसतायत. हे बायकांचं काम, असं म्हणायचं आहे ना? बाजारात दर्जी पुरुष चालतो, घरात मात्र सुई अम्मीच्याच हातात. पैसे मिळाले की धंदा, फुकट केलं की बाईचं काम. हजरत आयेशा (र.) यांना विचारलं गेलं होतं की पैगंबर (स.) घरात काय करत असत. त्यांनी सांगितलं, ते आपले कपडे स्वतः शिवत, चपला स्वतः सांधत. आपल्यातला दर्जी समाज हजरत इद्रीस यांना शिवणकामाचे आद्य मानतो. 'इद्रिसी' हे नाव तिथूनच आलं.

आणि संत नामदेव शिंपी होते. त्यांचं नरसी आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्या ग्रंथाला गुरुपद दिलं गेलं ते 1708 मध्ये, आमच्या नांदेडला. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. तेव्हा सुई धरल्यानं कुणाची इज्जत कमी होत नाही. घरातल्या मुलानं स्वतःचं बटण स्वतः लावलं तर अम्मीची संध्याकाळ मोकळी होते, एवढं मात्र होतं.

एक प्रश्न मला दरवेळी विचारतात: सगळे घरी शिवायला लागले तर दर्ज्यानं काय करायचं? प्रश्न योग्य आहे. तयार कपडे आल्यापासून त्याचं नवं शिवण्याचं काम आधीच कमी झालंय. म्हणून साधं काम घरी करा. कोट, खांदा, जीन्सची जाड शिलाई, चेन बदलणं हे त्याच्याकडे न्या आणि घासाघीस करू नका. एकदा स्वतः शर्ट उसवून पाहिलात की त्याची मजुरी जास्त वाटणार नाही. गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या दर्जीचाचांना महिन्यातला एक रविवार शिकवायला बोलवा, आणि त्या दिवसाचे पैसे द्या.

आता कामाचं बोलतो. पुढच्या रमजानच्या आधी तीन गोष्टी करता येतील. पहिली, प्रत्येकानं स्वतःचा एक कपडा मापात आणायचा. मुलांनीही. दुसरी, वाटपाचे कपडे आठवडाभर आधी गोळा करायचे, धुवायचे, बटणं लावायची, उसवलेलं शिवायचं. मग प्रत्येकाला चिठ्ठी टाचायची: छाती, खांदा, कंबर, लांबी, सगळं इंचांत. एस-एम-एल लिहू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी सांगतो, याला ॲप लागत नाही. चिठ्ठी आणि टाचणी पुरते. तिसरी, वाटपाच्या जागी एक मशीन, एक टेप आणि शिवता येणारी दोन माणसं ठेवायची. घेणाऱ्यानं निवडावं, घालून बघावं, "इथं जरा सैल आहे" म्हणावं, आणि तिथंच ते दुरुस्त व्हावं. पिशवी हातात घेऊन मान खाली घालून जाणं आणि स्वतःचं माप सांगणं, यांत किती अंतर आहे ते तुम्हाला त्या दिवशी दिसेल.

टेप मी आणले आहेत, मागच्या टेबलावर आहेत. जाताना आधी शेजाऱ्याच्या खांद्याचं माप घ्या, मग जा.