कॅमेरा घेताना : जुना की नवा?

आरसा असलेला, म्हणजे एसएलआर जातीचा डिजिटल कॅमेरा स्वस्तात घ्यायचा म्हटलं की आता बहुधा सेकंडहँड बाजारातच शोधावा लागतो. निकॉनच्या नवशिक्यांसाठीच्या मालिकेतला डी ३५०० हा शेवटचा. तो २०१८ साली आला. त्यानंतर कंपन्यांचं लक्ष बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलं. त्यामुळे हौशी माणसांनी वापरून विकलेले हे कॅमेरे मुंबईच्या बोरा बाजारापासून तालुक्याच्या फोटो स्टुडिओपर्यंत कुठंही भेटतात. आणि मग प्रश्न पडतो : २०१४ सालचा डी ३३०० घ्यावा, की जास्त पैसे घालून २०१६ चा डी ३४०० किंवा २०१८ चा डी ३५०० घ्यावा?

नवा तो चांगला, ही सवय आपल्याला मोबाइलनं लावली. इथं मात्र जरा थांबून पाहायला हवं. या तिन्ही कॅमेऱ्यांत मेगापिक्सेल तेवढेच आहेत, २४.२. लग्नाच्या अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंचांचं धरलं आणि इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं छापलं, तर लागतात साडेएकोणीस मेगापिक्सेल. म्हणजे जुन्यातही ते पुरून उरतात. भर दुपारी काढलेला फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा, हे छापील कागदावरून मला तरी सांगता येणार नाही.

उलट नव्यात काही गोष्टी कमी केल्या आहेत, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाही. डी ३३०० ला बाहेरचा माइक जोडायची सोय होती. डी ३४०० मधून ती गेली. गावच्या सप्ताहातलं कीर्तन चित्रित करायचं असेल, तर बुवांचा आवाज नीट यायला माइक लागतोच. फ्लॅशची ताकदही कमी झाली. कंपनीच्या मापात ती १२ होती, ती ७ वर आली. सेन्सरवरची धूळ झटकून टाकणारी यंत्रणा डी ३३०० मध्ये होती, ती डी ३४०० मध्ये नाही. जेजुरीला भंडारा उधळत असताना लेन्स बदलून पाहा, म्हणजे या यंत्रणेची किंमत कळते. निळ्या आकाशात बारीक काळे डाग उमटतात, आणि मग सेन्सर साफ करून घ्यायला पैसे मोजावे लागतात.

माझ्या ओळखीतली एक मुलगी मध्यंतरी विचारायला आली होती. बारशी, डोहाळजेवणं, साखरपुडे यांचे फोटो काढून चार पैसे मिळवायचा तिचा विचार होता. घरून मदत नव्हती, शिकवण्या घेऊन साठवलेली रक्कम होती. 'काका, एकदाच घेणार, मग नवाच घेते ना,' असं म्हणाली. मी तिला विचारलं, 'तू फोटो कुठं काढणार?' तर घरात, ट्यूबलाइटच्या उजेडात, पाळण्याभोवती बायकांची गर्दी असताना. तिथं खरी अडचण उजेडाची. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ३५ मिलिमीटरवर एफ ४.५ पर्यंतच उघडते. ३५ मिलिमीटरचीच एफ १.८ लेन्स घेतली, तर सुमारे सहापट उजेड आत येतो. जिथं शटर १/१५ सेकंदावर येऊन पाळण्याची दोरी ओढणारा हात पुसट होतो, तिथं ते १/९० च्या आसपास जातं, आणि हात बऱ्यापैकी स्वच्छ येतो. नवी बॉडी घेतली, तर या लेन्सला पैसे उरत नव्हते. जुनी घेतली, तर उरत होते. ही लेन्स पुढं मिररलेस घेतला तरी वाया जात नाही. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर तिचा ऑटोफोकसही चालतो. मी तिला डी ३३०० आणि ती लेन्स घ्यायला सांगितलं. 'पण दिसायला जुना दिसेल ना,' ही तिची शंका मात्र मला दूर करता आली नाही. यजमान कॅमेऱ्याकडे बघून पैसे ठरवतात, हे खोटं नाही.

लेन्स घेताना एक नीट पाहायचं. या मालिकेच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नाही. म्हणून लेन्सच्या नावात एएफ-एस हवं. नुसतं एएफ-डी लिहिलेली जुनी ५० मिलिमीटर स्वस्तात मिळते, पण तिचा फोकस हातानं करावा लागतो. आणखी एक गंमत आहे. नव्या एएफ-पी लेन्स २०१२ च्या डी ३२०० वर फोकसच करत नाहीत, आणि डी ३३०० वर चालायला त्याचं फर्मवेअर अद्ययावत करावं लागतं. म्हणून फार मागंही जाऊ नये, डी ३३०० ला थांबावं. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे त्या घरात ही भानगड नाही.

मग नवा घ्यायचाच नाही का? तसं नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत वारीबरोबर चालायचं असेल, तर मी डोळे झाकून डी ३५०० सांगेन. कंपनीच्या मोजणीप्रमाणे एका चार्जिंगमध्ये डी ३३०० सुमारे ७०० फोटो देतो, डी ३५०० १५५०. मुक्कामाच्या गावात प्लगपाशी मोबाइलवाल्यांची रांग असते, तिथं हा फरक मोठा. वजनही ४१० ग्रॅमवरून ३६५ ग्रॅमवर आलं आहे. फोटो ब्लूटूथनं मोबाइलवर जातात, घरच्यांना रोजच्या रोज पाठवता येतात. गडकोट चढणाऱ्यांनाही हाच बरा.

सेकंडहँड घेताना बिल मागा आणि बॉडीवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहा. शटर किती वेळा पडलं, ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसत नाही. एक फोटो काढून संगणकावर नेला, तर त्या फाइलमधल्या माहितीत तो आकडा सापडतो. डी ३३०० चं शटर १ लाख वेळा चालवून तपासलेलं आहे; २०-३० हजारांपर्यंतचा कॅमेरा बिनधास्त घ्यावा, ८० हजारांचा असेल तर भाव पाडून मागावा. लेन्स उजेडाकडे धरून मागून बॅटरी मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास होते. अशी लेन्स फुकट दिली तरी घरी आणू नये, आणलीच तर चांगल्या लेन्सशेजारी ठेवू नये.