पुस्तकांच्या कपाटाशेजारचा फलक

हातातली कामं चालू राहू द्या, भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल. पालकसभेला गेलो की शाळेतली एक गोष्ट आपण बघतो आणि तशाच पुढे जातो. आज तिच्याबद्दलच बोलू या. ती गोष्ट म्हणजे वाचनालयाचा फलक.

तुम्ही म्हणाल, आमच्या झेडपीच्या शाळेत कुठलं आलंय वाचनालय? दोन खोल्या आणि एक लोखंडी कपाट. तर बायांनो, ते कपाट हेच वाचनालय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथे वर्तमानपत्र, मासिकं आणि सगळ्या विषयांची पुस्तकं असावीत, असं त्यात लिहिलंय. गोष्टींच्या पुस्तकांचा तर मुद्दाम वेगळा उल्लेख आहे. ‘गोष्टी वाचून काय पोट भरणार हाय का’ असं घरात कुणी म्हणालं, तर हे सांगायला लक्षात ठेवा.

कपाटाशेजारी बहुतेक शाळांत फलक असतो. वर ‘वाचाल तर वाचाल’, चार कोपऱ्यांत कागदी फुलं, मध्ये थोरांची चित्रं. तपासणीच्या आधी लावलेला, पुढच्या तपासणीपर्यंत तसाच. उन्हानं रंग उडालेला. पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, आणि त्यात पोरांची काही चूक नाही. मला विचाराल तर फलकाचं काम एकच. पोराला कपाटापर्यंत न्यायचं. फलक कितीही देखणा असो, तो वाचून एकाही मुलानं ‘गुरुजी, हे पुस्तक द्या’ म्हटलं नाही, तर त्याचा काही उपयोग नाही.

डॉ. एस. आर. रंगनाथन नावाचे ग्रंथालयशास्त्राचे मोठे जाणकार आपल्या देशात होऊन गेले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला एक असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आता पुस्तक काही स्वतः उठून वाचक शोधायला जात नाही. मध्ये कुणीतरी लागतं. आपल्याकडे सोयरीक जुळवणारी एखादी मावशी असते बघा, तसं फलकानं जुळवायचं.

आधी फलक कसा करायचा ते सांगते, त्याला फार खर्च नाही. तागाचं बारदान धुऊन कडक वाळवा. बांबूच्या चार कामट्यांची चौकट बांधा आणि दाभणानं बारदान तिच्यावर ताणून शिवा. आडव्या तीन सुतळ्या ओवा. कागद अडकवायला कपड्यांचे लाकडी चिमटे. खळ लावू नका, पावसाळ्यात झुरळं आणि वाळवी ती खायला येतात, आणि कागद बदलायचा म्हटला की फाटतो. थर्माकोल तर नकोच, सजावटीच्या थर्माकोलला आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. उंचीचं मात्र ध्यानात ठेवा. फलक नेहमी साहेबांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला असतो. पहिलीचं पोर साडेतीन फुटांच्या आसपास. त्याला मान वर करून काय दिसणार? खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा, वरची चारवर. अक्षर बोटभर जाड.

आता त्यावर लावायचं काय? मला सगळ्यांत आवडते ती अर्धी गोष्ट. समजा पुस्तकात अशी गोष्ट आहे: मध्यरात्री देवळातली घंटा वाजते. दार तर बाहेरून बंद. पुजारी कंदील घेऊन जातो, कुलूप काढतो, आत बघतो तर... बस्स. इथंच थांबायचं. खाली लिहायचं, ‘पुढचं दुसऱ्या कप्प्यात, हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात.’ मालिका बघताना आपलं काय होतं ते आठवा, पोरांचंही तेच होतं. गुरुजींना वेळ नसेल तर सहावी-सातवीच्या मुली हे छान करतात. कुठं थांबायचं हे त्यांना बरोबर कळतं.

पण मैत्रिणींनो, मधल्या सुट्टीत पोर कपाटाकडे पळालं आणि कपाटाला कुलूप, तर त्या फलकानं त्याला फसवलंच म्हणायचं. ही खरी अडचण. पुस्तकं साठा नोंदवहीत लिहिलेली असतात. एखादं हरवलं, फाटलं, तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो. म्हणून कुलूप. नुसतं गुरुजींना नावं ठेवून हे सुटणार नाही. यावर तोड आपल्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असं त्याच कायद्यात आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींची नावं त्या समितीत आहेत, आणि त्यातल्या कितीजणी फक्त सही करून येतात तेही आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या सभेत तोंड उघडा. ‘पुस्तकं मुलांना घरी न्यायला द्यावीत, आणि वापरून झिजलेल्या पुस्तकाबद्दल एकट्या शिक्षकाला धरू नये, असं समितीचं म्हणणं आहे,’ हे इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, मगच सही. शिक्षकालाही त्या कागदाचा आधार होतो. फाटलेली पुस्तकं शिवायला आपल्या गटातल्या शिवणकाम येणाऱ्या बाया आहेतच.

फलकाच्या एका बाजूला ‘कोणतं पुस्तक कुणाच्या घरी’ हे लावता येतं. त्यातून ‘तुझं झालं की मला दे’ हे आपोआप सुरू होतं. पण हरवणाऱ्याचं नाव तिथं लाल शाईनं लिहू नका. ज्याच्या घरात पावसाचं पाणी शिरतं, त्याचंच पुस्तक भिजतं. आणि कुणी किती वाचली याचा पहिला-दुसरा-तिसरा नंबरही नको. नंबर परीक्षेत लागतात तेवढे पुरेत. त्याऐवजी वाचलेल्या पोरानं एक ओळ लिहावी, आवडलं की नाही आणि का. ‘लई लांबड लावली’ असं लिहिलं तरी चालेल. तसं वाचून दुसरं पोर मुद्दाम ते पुस्तक मागतं, ही गंमत करून बघा.

आता ज्यांना वाटतंय, आपल्याला तर अक्षर येत नाही, आपलं तिथं काय काम, त्यांच्याशी बोलते. बहिणाबाई चौधरी जळगावकडच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गात, आणि मुलानं आणि नात्यातल्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरात, आणि पुस्तक निघालं १९५२ साली. लिहून घेणारं कुणी नसतं तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. आपल्या फलकावर एक कोपरा त्याच कामासाठी ठेवायचा. आई सांगेल, पोर लिहील.

काय सांगायचं? घरातल्या आजीला बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. १९७२ साली ज्यांचं वय दहा-पंधरा होतं, त्या आज साठी ओलांडून गेल्यात. खडी फोडायला कोण गेलं होतं, कामावर सुकडी कशी मिळायची, बाहेरून आलेल्या त्या लाल मिलोच्या भाकरी कशा लागायच्या, जनावरं कुठं सोडली, पाणी कुठून आणलं. आजीला सगळं आठवतं, तिला कुणी विचारत नाही एवढंच. आठवीच्या पोरीनं एक पान लिहून घ्यावं, खाली आजीचं नाव घालावं, तिला विचारून. काही आज्या म्हणतील, उपाशी राहिल्याचं कशाला चार लोकांत लावायचं? तर त्यांचं ऐकायचं, नाव नको म्हणाल्या तर नाही घालायचं.

मग त्या पानाच्या शेजारी चिठ्ठी: पाण्यावरची, पावसावरची, विहिरीवरची पुस्तकं कोणत्या कप्प्यात आहेत. नकाशात आपला तालुका. आणि त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून पुढे राज्याचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, ही ओळ. पोरांना इतिहासाच्या पुस्तकात राजे भेटतात. इथं त्यांना कळेल, की आपल्या घरात जॉब कार्ड आहे त्याची मुळं आजीनं फोडलेल्या खडीपर्यंत जातात. एवढं वाचल्यावर मूल आणखी विचारतंच. विचारलं की कपाट उघडायचं.

बियाण्यांची नावं, जात्यावरच्या ओव्या, हुमणं, बाळंतिणीचा आहार, कुठल्या महिन्यात रानात कुठली भाजी उगवते, हेही तसंच लिहून घेता येतं. कोडं असेल तर उत्तर फलकावर नको, ते पुस्तकाच्या शेवटच्या पानात चिठ्ठी करून ठेवा.

तारखांचं थोडक्यात सांगते. १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी नुसता हार घातलेला फोटो नको, मुक्ता साळवेबद्दल लावा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची पोर. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिनं निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. चौदा वर्षांची म्हणजे आपल्या आठवी-नववीतल्या मुलीएवढी. सातवीनंतर शाळा लांब म्हणून घरी बसवायचं चाललंय अशी मुलगी तुमच्या वस्तीवर असेल, तर तो कागद तिच्याच हातून लिहून घ्या, आणि लावायच्या दिवशी तिच्या वडिलांना शाळेत बोलवा.

नवीन पुस्तकांसाठी मोठा निधी येईल तेव्हा येईल. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याची वर्गणी गटाला जड नाही. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा पातळशी गोष्टींची पुस्तकं वाण म्हणून द्या, आणि वाचून झाली की ती शाळेच्या कपाटात जाऊ द्यात.

कागद दर पंधरा दिवसांनी बदलायचा. जुना फेकू नका, दोऱ्यात ओवून कपाटातच ठेवा, वर्षाखेर त्याचंच एक पुस्तक होतं. शनिवारी सकाळची शाळा असते, अकराच्या सुमारास सुटते. तेवढ्या वेळात दोघीतिघींचं काम उरकतं. या शनिवारी बारदान धुवायला काढा, आणि जाताना दाभण बरोबर घ्या. शाळेत ते सापडत नाही.