इंग्रजी अर्जांतील ‘व्हेरी’



शिष्यवृत्तीसाठी येणारे इंग्रजी अर्ज तपासण्याचे काम ट्रस्टने आमच्याकडे सोपविले आहे. तेव्हा बोलावयाचे ते त्याविषयीच.

बहुतेक अर्जांत ‘आय ॲम व्हेरी व्हेरी पुअर’ हे वाक्य असतेच. सगळेच ‘व्हेरी व्हेरी’ गरीब म्हटल्यावर कोणाची निकड अधिक, हे कसे ओळखावे? हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘खरा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. पण ऊठसूट शपथ घेणाऱ्याच्या शपथेचे जे होते, तेच त्याचे झाले. कित्येक जण ‘व्हेरी’ऐवजी ‘टू’ लिहितात. ‘आय ॲम टू हॅपी’ म्हणजे फार आनंद झाला असे त्यांना वाटते. इंग्रज वाचक मात्र ‘नको इतका आनंद’ असा अर्थ घेतो!

आपल्या मराठीत पांढरे ते शुभ्र, काळे ते कुट्ट, कडू ते जहर. ज्याचा त्याचा जोडीदार ठरलेला. इंग्रजीतही ‘बोन-ड्राय’, म्हणजे हाडासारखे कोरडे, असे जोड आहेत. मुलांना ते शिकवितो कोण? आम्ही स्वतः वह्यांवर जन्मभर ‘व्हेरी गुड’च लिहीत आलो.

राऊपासून जवळच महू. तेथे १८९१ साली जन्मलेले डॉ. आंबेडकर राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या त्या घटनेची इंग्रजी उद्देशिका पाहावी. एवढ्या मोठ्या संकल्पाला ‘सॉलेम्नली’, म्हणजे गांभीर्यपूर्वक, हा एक शब्द पुरला. ‘व्हेरी’ तेथे एकदाही नाही.

हे ठाऊक असूनही आमच्या हातून चूक झाली. एका मुलीच्या अर्जात चारच ओळी होत्या : वडील रोजंदारीवर, चार महिन्यांत अठ्ठावन्न दिवस काम मिळाले, घरात सहा माणसे, दोन सहामाह्यांची फी थकलेली. कोठे ‘व्हेरी’ नाही, ‘काइंडली’ नाही. हिला विशेष गरज नसावी, असे समजून आम्ही तो अर्ज बाजूस ठेविला. यादी पुरी करताना तो पुन्हा हाती आला आणि ‘अठ्ठावन्न’ या आकड्यावर नजर थबकली. त्या रात्री आम्ही बाजूस ठेविलेले सर्व अर्ज पुन्हा काढून वाचले. तसे आणखी दोन निघाले.

यंदा छापील अर्जात कामाचे दिवस, घरातील माणसे आणि थकलेली फी यांचे रकाने घातले आहेत. मुले ते भरीत असतील तेव्हा वडीलमंडळींनी शेजारी बसून आकडे तेवढे बरोबर सांगावेत. इंग्रजी त्यांचे त्यांना लिहू द्यावे.