कोड बरोबर, सॉकेट सैल

आज कोड बाजूला ठेवू, एका सॉकेटबद्दल बोलू.

आखाडा बाळापूरला आमच्या रानात मी मोटार चालू-बंद करायला एक बोर्ड बसवला होता. तो मधूनच बंद पडायचा. हळदीची पाण्याची एक पाळी चुकली, आणि मी दोन रात्री कोडच तपासत बसलो! शेवटी बाबा म्हणाले, "अरे, वायर हालली की लाईट जायलीय बघ." खरंच की! मायक्रो यूएसबीचं सॉकेट बोर्डावरून सुटलं होतं, खालच्या तांब्याच्या पट्टीसकट. पट्टीच उखडली की नुसतं परत सोल्डर करून भागत नाही.

हे सॉकेट 10,000 वेळा लावा-काढायला बनवलेलं असतं, पण सरळ. वायर लोंबकळली की प्लग पहारीसारखा त्याला उचकटतो. सोल्डरचं काम करंट नेणं, ओझं पेलणं नाही.

म्हणून सॉकेट बोर्डातून आरपार पाय गेलेलं घ्या. वायर बॉक्सलाच टायने बांधा आणि आत थोडी सैल ठेवा. कुणाचा पाय अडकला तर ओढ बॉक्सला बसू दे, सॉकेटला नको.

भेटू पुढच्या भागात!